केर म्हणजे जेव

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेलं भाषण, थोडी काटछाट करून.)

पहिल्या संध्याकाळी घरातल्या आजीने माझ्यासमोर ताट ठेवलं आणि बोट दाखवून म्हणाली, "केर." मी ताटाकडे बघितलं. बटाटे, पांढरं चीज, कोथिंबीर, लवाश नावाच्या पातळ रोटीची घडी. केर कुठेच दिसेना. आजी पुन्हा म्हणाली, जरा जोरात, "केर, केर!" आर्मेनियन भाषेत 'केर' म्हणजे 'जेव', हे मला पाठ होतं. पण माझा जन्म सांगलीचा. परक्या देशात घाबरलेल्या माणसाच्या कानात आधी आईची भाषा जागी होते. मला खरंच वाटलं की ही बाई मला झाडू मारायला सांगतेय, आणि मी उठायलाही निघाले होते.

तर नमस्कार. बाहेर पाऊस आहे आणि तरी तुम्ही आलात, म्हणून भूगोल पटकन उरकते. तुर्कस्तान, जॉर्जिया, अझरबैजान आणि इराण या चौघांच्या मध्ये बसलेला आर्मेनिया महाराष्ट्राच्या साधारण एक दशांश आहे. समुद्र नाही. त्याची उणीव भरून काढायला सेवान नावाचा प्रचंड तलाव आहे, समुद्रसपाटीपासून 1900 मीटरवर. माझं गाव त्या तलावाच्या दक्षिणेला, गेगारकुनिक प्रांतात. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरून अजून अडीचशे मीटर चढायचं आणि तिथे शाळा भरवायची. मी चौदाव्या वर्षी आईवडिलांबरोबर न्यू जर्सीला गेले, पुढे तिथली नागरिक झाले, आणि 2016 साली पीस कोअर या अमेरिकन सरकारी योजनेतून आर्मेनियाला. ही मंडळी तिथे 1992 पासून स्वयंसेवक पाठवताहेत. मुदत 27 महिने. काम काय, तर गावातल्या इंग्रजीच्या बाईंबरोबर एकाच वर्गात उभं राहून शिकवायचं.

गावाला अमेरिकेतून बाई येणार हे माहीत होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर सोनेरी केसांची मुलगी होती आणि गाडीतून उतरले मी. दोन मिनिटं सगळे गप्प. मग एका आजोबांनी विचारलं, "हंदिक?" म्हणजे भारतीय का? मी हो म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला आणि राज कपूर, मिथुन चक्रवर्ती अशी नावं बाहेर पडू लागली. सोव्हिएत काळात ही मंडळी आपले सिनेमे बघत वाढलेली. पोरांना मिथुनशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना वेगळाच प्रश्न पडला होता. त्यांच्या भाषेत टर्की कोंबडीला म्हणतात 'भारतीय कोंबडी', आणि कुट्टूला म्हणतात 'भारतीय गहू'. तेव्हा माझ्या घरी रोज हे दोन्ही शिजत असणार, याची त्यांना खात्रीच होती. मी आयुष्यात टर्की खाल्ली नाही आणि कुट्टू पहिल्यांदा खाल्ला तो त्यांच्याच शाळेच्या कँटीनमध्ये. हे सांगितल्यावर माझ्या भारतीयपणाबद्दल काही दिवस शंका घेतली गेली.

शाकाहाराचं कसं समजावायचं, हा प्रश्न आजीने सोडवला. आजीला तिथे 'तातिक' म्हणतात. मी मांस खात नाही म्हटल्यावर आधी तिने पोटाचा आजार आहे का विचारलं. मग एकदम उमगल्यासारखं म्हणाली, "पास!" ईस्टरच्या आधीचा जो मोठा उपवास, त्यात मांस, दूध, अंडी चालत नाहीत. तो 'पास'. म्हणजे या मुलीचा बारा महिने उपास आहे. आपल्याकडे निर्जळी करणाऱ्या बाईला जसा मान मिळतो, तसा मला फुकटचा मान मिळाला. घरात उपासाचा डोलमा होऊ लागला, कोबीच्या पानात मसूर, राजमा, हरभरे भरून. आणि अवेलुक नावाची रानभाजी, आपल्या चुक्याच्या जातीची. ती उन्हाळ्यात खुडतात, तिच्या चक्क वेण्या घालतात आणि वाळवून भिंतीला टांगतात. जानेवारीत दारात कमरेएवढं बर्फ असताना त्या वेणीचा तुकडा तोडून सूप. दह्याला ते मात्सून म्हणतात, आणि त्याच्या ताकाला तान. ताक आणि तान! ही भेट झाली त्या दिवशी मी दोन ग्लास प्यायले आणि रात्री आईला फोन केला.

भाषेबद्दल थोडी फुशारकी मारते. आर्मेनियन लिपी मेस्रोप माश्तोत्स यांनी 405 साली तयार केली. तेव्हा 36 अक्षरं होती, आता 39. माझ्याबरोबरच्या अमेरिकन मुलांचे त्या अक्षरांनी हाल केले, कारण त्या भाषेत 'चार'मधला च वेगळा आणि 'चाक'मधला च वेगळा, प्रत्येकाला स्वतंत्र अक्षर. 'जेवण'चा ज आणि 'जाड'चा ज यांचंही तसंच. शिवाय प आणि फ, त आणि थ वेगळे. मराठी माणसाला यात काय कठीण? कुत्र्याला 'शुन' म्हणतात, म्हणजे आपला श्वान. दाराला 'दुर'. हजाराला 'हजार', साखरेला 'शकर'. पण 'नमक' म्हणजे मीठ नव्हे, पत्र. दुकानात मीठ मागताना मी पहिले दोन आठवडे पत्र मागत होते. दुकानदारीण समजूतदार होती, दर वेळी पोस्टाचा रस्ता दाखवायची.

आता थंडी. घर मोठं असतं, पण हिवाळ्यात शेगडी एकाच खोलीत पेटते. लाकडाबरोबर तिच्यात घालतात 'अतार'. शेणाच्या वाळवलेल्या विटा. ते बघून मला आमच्या गल्लीच्या टोकाला भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या आठवल्या. फरक एवढाच की आपण हाताने थापतो, ते फावड्याने विटेसारखे चौकोन पाडतात. त्या एका खोलीत तातिक, मुलगा, सून, दोन नातवंडं आणि मी, ऑक्टोबर ते एप्रिल. थंडीची सवय झाली. सवय झाली नाही ती कधीच एकटं न राहण्याची. मी माझ्या गार खोलीत जाऊन दार लावलं की पाच मिनिटांत तातिक यायची, "त्खुर एस?" दुःखी आहेस का? नाही म्हटलं तर मग काय आजारी आहेस? वाचत बसलेय म्हटलं तर म्हणे, वाच की इथे येऊन, आम्ही कुठे तुझी पानं खातोय. खरं तर सांगलीच्या वाड्यात मी असंच वाढले होते. न्यू जर्सीत स्वतःची खोली मिळाली आणि बारा वर्षांत मी ते विसरले. मला परकी वाटत होती ती गोष्ट माझीच जुनी होती, हे लक्षात यायला एक आख्खा हिवाळा लागला.

शाळेबद्दल मात्र मी चुकले, आणि आज मुद्दाम तेच सांगायला आलेय.

तिथे शिक्षकाला मुलं 'अंकेर' म्हणतात. सोव्हिएत काळातला हा शब्द, कॉम्रेड या अर्थाचा. त्याचा साधा अर्थ मित्र. माझ्या जोडीच्या बाई वीसहून अधिक वर्षं इंग्रजी शिकवत होत्या. व्याकरण असं पक्कं की मला कधी माहीत नसलेले नियम त्या पाठ म्हणायच्या. पण इंग्रजी बोलणारं माणूस त्यांच्या वर्गात पहिल्यांदाच येत होतं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी फळ्यावर 'वॉक्ड' लिहिलं आणि वाचून दाखवलं, "वॉकेड". मुलांनी एका सुरात म्हटलं, "वॉकेड". आणि मी, प्रशिक्षणातून नुकतीच ताजी होऊन आलेली, हसतमुखाने म्हणाले, "वॉक्ट." त्यांच्या वर्गात. त्यांच्या पोरांसमोर.

त्या काही बोलल्या नाहीत. तास संपवला. पण शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुटीत कॉफी व्हायची, छोट्या पितळी भांड्यात उकळलेली, आणि माझा कप त्याच भरायच्या. तीन दिवस कप रिकामा. चौथ्या दिवसापासून त्या माझ्यासमोर इंग्रजी बोलायच्याच बंद झाल्या. वर्गात फक्त आर्मेनियन. म्हणजे इंग्रजी सुधारायला गेलेल्या मी गावातलं होतं ते इंग्रजीही बंद पाडलं. गंमत अशी की सांगलीत माझ्या पाचवीच्या बाईसुद्धा 'वॉकेड'च म्हणायच्या, आणि त्यांना कुणी भर वर्गात टोकलं असतं तर मी त्या माणसाला आयुष्यभर माफ केलं नसतं.

माफी मागायची तर शब्द येत नव्हते. तेवढ्यात बटाटे निघाले. गेगारकुनिक म्हणजे बटाट्याचा मुलूख. त्या दिवसांत निम्मी शाळा शेतात असते आणि कुणी हजेरी विचारत नाही. गावातले बरेच बापे रशियाला मजुरीला गेलेले असतात, आपल्या कोकणातले चाकरमानी मुंबईला जायचे तसे. त्यामुळे शेतात बायका आणि पोरं. मी न बोलावता बाईंच्या शेतात गेले आणि वाकले. तासाभराने त्यांनी माझ्या हातातली पिशवी बघितली. मी लहान बटाटे मोठ्यांत मिसळत होते. त्यांनी सगळी पिशवी उलटी केली आणि सावकाश, शाळकरी पोराला शिकवावं तसं, मला वर्गवारी शिकवली. हा विकायचा, हा घरचा, हा बियाण्याचा, हा डुकराला. आजूबाजूच्या पोरांनी मनसोक्त हसून घेतलं, सगळ्यांसमोर. फिटंफाट झाली. सोमवारी माझा कप भरला होता.

पुढे आम्ही वाटणी केली. व्याकरण त्यांचं, गप्पा माझ्या. चुका दाखवायच्या तर वर्ग संपल्यावर, आणि दोघींच्या. माझ्या आर्मेनियनमध्ये त्यांना पुष्कळ सामग्री मिळायची.

एका गोष्टीवर आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. परीक्षेत मुलं एकमेकांना उत्तरं सांगतात. लपूनछपून नव्हे, बऱ्यापैकी मोकळ्या आवाजात. मी आठवीतल्या दोघांचे पेपर काढून घेतले. संध्याकाळी घरी पोचायच्या आत बातमी तातिककडे. "अमोत ए," म्हणाली, लाज आणलीस. "शेजारच्याला येत नव्हतं, याला येत होतं. मग काय नुसतं बघत बसायचं?" मी म्हटलं, याला कॉपी म्हणतात. ती म्हणाली, आम्ही याला शेजार म्हणतो. मला तिचं म्हणणं पटलं नाही, आजही पटत नाही. पण ज्या गावात सरपण, गाय आणि रशियाहून आलेले पैसे शेजाऱ्यावर विसंबून चालतात, तिथे ते वाक्य कुठून येतं हे दिसतं. मी तोंडी परीक्षा जोडीने घ्यायला लागले. तिथे कुजबुज हाच अभ्यासक्रम.

हो, आणि तिथे 2011 पासून प्राथमिक शाळेत बुद्धिबळ सक्तीचा विषय आहे. तिसरीतल्या एका मुलीने मला किती चालींत हरवलं ते विचारू नका.

एप्रिल 2018 मध्ये देशभर लोक सरकारविरुद्ध रस्त्यावर आले. आमच्याही रस्त्यावर पोरांनी बाकडी आडवी टाकली. आम्हा स्वयंसेवकांना राजकारणापासून लांब राहायची सक्त ताकीद. तातिकने ती माझ्याहून जास्त मनावर घेतली. फाटकाला कुलूप लावलं, समोर स्टूल टाकून विणत बसली, आणि दर अर्ध्या तासाने रस्त्यावरच्या पोरांना भाकरी मात्र पोचवत होती. 23 तारखेला पंतप्रधानांनी राजीनामा दिला, तेव्हा कुलूप उघडून पहिली तीच बाहेर पळाली.

तिचा एक शब्द सांगायचा राहिला. 'च़ावत तानेम'. तुझं दुखणं मी घेऊन जाईन. लाडाने, येता-जाता म्हणतात. आपल्या आज्या कानशिलावर बोटं मोडतात, तेच. मी निघाले तेव्हा तिने हे म्हटलं आणि गाडीमागे तांब्याभर पाणी ओतलं, गेलेलं माणूस परत यावं म्हणून. पाणी गाडीपेक्षा माझ्या बॅगेवरच जास्त पडलं.

बाईंशी फोन अजून चालू असतो. आता त्या इंग्रजीतच बोलतात, न घाबरता. गेल्या हंगामात त्यांचा आवाजी निरोप आला. मागे पोरांचा कलकलाट, वारा, आणि मध्ये त्यांचा ठणठणीत आवाज: "वी डिग्ड ऑल पोटॅटोज. येस, डिग्ड. यू आर नॉट इन माय क्लासरूम."