जुन्या गोव्यात धक्क्यावरून शिरा

मंडळी, बेळगावकरांना गोवा नव्यानं दाखवायची गरज नाही. चोर्ला घाट उतरला की आपण तिथं घरच्यासारखे वावरतो. पण जुन्या गोव्यात आपण करतो काय? गाडी लावतो, बॉम जीझसमध्ये सेंट झेवियरचं शव दुरून बघतो, समोरच्या सी कॅथेड्रलपुढं फोटो काढतो आणि मिरामार गाठतो. चर्च बघून होतात, बंदर राहून जातं. या रविवारी आपण बंदर बघायला जाणार आहोत. म्हणून सुरुवात मांडवीच्या धक्क्यावरून, दिवाडीची फेरीबोट सुटते तिथून. गलबतातून उतरलेला माणूस ज्या क्रमानं शहरात शिरायचा, त्याच क्रमानं.

ही मांडवी म्हणजे आपलीच म्हादई, खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात उगम पावलेली. पाणीतंट्यावर आज बोलत नाही, नाहीतर इथंच रात्रीचे दहा वाजतील.

धक्क्यापासून जवळच व्हाईसरॉयची, म्हणजे पोर्तुगीज राजाच्या इथल्या प्रतिनिधीची, कमान आहे. वास्को द गामाच्या पणतूनं, फ्रान्सिस्को द गामानं, ती 1597 मध्ये उभारली. मूळची पडली, आज दिसते ती 1954 मध्ये पुन्हा बांधलेली. नदीच्या बाजूला वास्कोचा पुतळा आहे आणि बहुतेक लोक तेवढाच बघून पुढं जातात. तुम्ही कमानीखालून आत या आणि मागं वळून वर बघा. तिथं एक बाई पायाखाली माणूस घालून उभी आहे. तिला सेंट कॅथरिन मानतात. पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कनं आदिलशहाकडून गोवा जिंकलं ते तिच्याच सणाच्या दिवशी, 25 नोव्हेंबर 1510 ला. नवा व्हाईसरॉय याच दारातून शहरात यायचा. मूर्तीत काय सांगितलंय, हे वेगळं समजवायला नको.

थोडं पुढं सेंट कॅजेटन चर्चच्या आवारात आदिलशाही वाड्याचं एक दार तेवढं उरलंय. काळा दगड, वरची पट्टी आणि कडेच्या जाळ्या. कोरीवकाम मात्र सरळसरळ देवळाच्या धाटणीचं. माझ्या मते सगळ्या जुन्या गोव्यात बघण्यासारखी वस्तू हीच, आणि तिच्यापुढं गर्दी कधीच नसते. 1695 पर्यंत पोर्तुगीज व्हाईसरॉयही याच वाड्यात राहत.

कमानीतून निघणारा रस्ता म्हणजे रुआ दिरेता, शहराची मुख्य पेठ. आज दोन्ही बाजूंना झाडी. पण सोळाव्या शतकाच्या अखेरीस इथं राहिलेल्या लिन्सकोटेन या डच माणसानं इथल्या सकाळच्या लिलावाचं वर्णन करून ठेवलंय. सणाच्या आदल्या दिवशीची आपली गणपत गल्ली आठवा, फक्त विकायला अरबी घोडे, मसाले, कापड. आणि माणसं. गुलामांचा लिलावही याच रस्त्यावर व्हायचा.

यातला घोडा आपल्या कामाचा. दख्खनमध्ये लढाईला चांगला घोडा पैदा होत नसे. तो अरबस्तानातून, होर्मुझहून गोव्यात उतरायचा आणि घाट चढून वर यायचा. गोवा ज्याच्या हाती, घोडा त्याच्या हाती. बहामनी सुलतानाचा वजीर महमूद गावान यानं 1472 मध्ये गोवा घेतलं, तेव्हा विजयनगरच्या चिथावणीनं ते परत घ्यायला कोण सरसावलं? बेळगावचा राजा! त्याचा परिणाम म्हणून 1473 मध्ये खुद्द सुलतान आपल्या किल्ल्याला वेढा घालून बसला आणि बेळगाव पडलं. रोज ज्या खंदकाच्या कडेनं आपण स्कूटर हाकतो, तो गोव्याच्या बंदरापायी लढलाय.

चर्चविषयी थोडक्यात. बॉम जीझसचा गिलावा 1950 च्या सुमारास काढला, म्हणून जांभा उघडा पडलाय. खानापूरच्या पावसात जांभ्याचं काय होतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना तिथली काळजी कळेल. पुढं साथींनी शहर ओस पडलं, राजधानी पणजीला गेली.

परतताना घाई करू नका. डिचोलीजवळ नार्व्याला सप्तकोटेश्वर आहे, गोव्याच्या कदंब राजघराण्याचं कुलदैवत. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडं आला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी देऊळ पुन्हा बांधायला लावलं. याच कदंबांची दुसरी गादी आपल्या हलशीला. नार्व्याहून साखळीमार्गे चोर्ल्याला लागता येतं. घाटात धुकं उतरायच्या आत निघा म्हणजे झालं.