डांबराच्या गोळीचा द्रवणांक

(दृश्य : काचेची जाड नळी, आत नितळ द्रव, त्यात बुडवलेला थर्मामीटर. मागे फक्त ढवळणीचा किणकिणाट.)

82. 81. 80. आता 79.

द्रव अजून पाण्यासारखाच दिसतोय. केमिस्ट तारेची ढवळणी वरखाली करतोय आणि दर अर्ध्या मिनिटानं एक आकडा वहीत टाकतोय. पारा 78.2 वर येतो आणि काचेला आतून पांढऱ्या पापुद्र्यांची झालर फुटते. मग पारा उलटा फिरतो, चक्क वर चढायला लागतो. 78.4. 78.6. तिथं मात्र ठाण मांडतो. नळीतली ऊब बाहेर जातेच आहे, स्फटिक वाढत तळाशी बसताहेत, तरी पारा जागचा हलत नाही. ढवळणी रुतेपर्यंत 78.6.

(दृश्य : कारखान्याचं गेट. टँकरच्या अंगावर जाड आवरण, खाली वाफेच्या नळ्या.)

बाहेर टँकर थांबलाय. आत जे आहे ते उतरवून घ्यायचं की परत पाठवायचं, हे वहीतल्या त्या आकड्यावर ठरणार.

टँकरमध्ये आहे नॅफ्थलीन. घरोघरी ज्याला आपण डांबराची गोळी म्हणतो, तेच. शालूच्या घडीत, लोखंडी ट्रंकेत, सार्वजनिक मुतारीत, सगळीकडे वास एकच. आणि मराठीनं ठेवलेलं नाव अगदी नेमकं आहे, कारण हा पदार्थ खरोखरच डांबरातून निघतो. रस्त्यावर ओततात ते आजचं डांबर नव्हे, ते पेट्रोलियमचं. हे दगडी कोळशाचं. पोलाद कारखान्यात कोक हे भट्टीचं इंधन करायला कोळसा हवा न लागू देता 1000 अंशांच्या वर भाजतात. त्याच्या वाफा थंड केल्या की काळं, चिकट डांबर उरतं. शंभर किलो डांबरात साधारण दहा किलो नॅफ्थलीन. भिलाई, राउरकेला, बोकारो इथल्या कोक भट्ट्यांमागे ही पांढरी गोष्ट त्या काळ्या चिखलात दडलेली असते.

1820 च्या आसपास इंग्लंडमध्ये ती पहिल्यांदा वेगळी काढली गेली. नाव दिलं ऑक्सफर्डच्या जॉन किड यांनी. 1826 मध्ये मायकेल फॅरडे यांनी त्यात फक्त कार्बन आणि हायड्रोजन असल्याचं दाखवून त्यांचं प्रमाण काढलं. दहा कार्बन, आठ हायड्रोजन, एका भिंतीला टेकलेल्या दोन षटकोनी खोल्यांसारखी रचना.

(दृश्य : संदर्भग्रंथाचं पान. बोट एका ओळीवर थांबतं.)

शुद्ध नॅफ्थलीनचा द्रवणांक 80.26 अंश सेल्सिअस. अकरावीच्या प्रात्यक्षिकात केशनलिकेत पूड भरून ज्यांनी तो काढला असेल, त्यांना बहुधा 80 आणि 82 च्या मधलं काहीतरी मिळालं असेल, आणि वहीत त्यांनी निमूटपणे 80 लिहिलं असेल. यात मुलांची चूक फारशी नसते. बर्नर मोठा ठेवला की तेल भराभर तापतं आणि आतली पूड मागे पडते, म्हणून आकडा चढा येतो. रसायनाच्या बाटलीवरही 79 ते 82 असा पट्टाच छापलेला सापडतो. कारखान्यात म्हणून उलटी वाट धरतात. तापवत नाहीत, गार करतात; शुद्ध पदार्थ वितळतो ज्या अंशाला, गोठतोही त्याच अंशाला. द्रव आधी थोडा फसवतो, गोठायच्या तापमानाखाली जाऊनही द्रवच राहतो. पहिला स्फटिक पडला की एका ग्रॅममागे सुमारे 148 जूल अप्रकट उष्मा बाहेर येतो आणि पारा आपल्या खऱ्या जागी परततो. मघाशी तो वर चढला, तो असा.

तर मग 80.26 च्या जागी 78.6 का?

कारण आत कुणीतरी परकं आहे. स्फटिक म्हणजे एकसारख्या रेणूंची शिस्तीत लागलेली रांग. रांगेत न बसणारे रेणू द्रवात असले की रांग धरायला उशीर लागतो, अजून गार व्हावं लागतं. किती गार, याचा हिशेब पक्का आहे. एक किलो नॅफ्थलीनमध्ये एक मोल (रेणूंची संख्या मोजायचं रसायनशास्त्रातलं माप) परका पदार्थ विरघळला तर गोठणांक जवळजवळ 7 अंशांनी उतरतो. पाण्यात हेच केलं तर दोन अंशही उतरत नाही. नॅफ्थलीनएवढ्याच वजनाच्या रेणूंची भेसळ धरली, तर एका टक्क्याला साधारण अर्धा अंश. म्हणजे 78.6 चा ढोबळ अर्थ : तीन टक्के माल नॅफ्थलीन नाही. एक थर्मामीटर, एक नळी आणि वीस मिनिटं. आज लाखोंची यंत्रं हेच सांगतात, थोडं जास्त तपशिलात. तरी खरेदीच्या कागदावर अजून गोठणांकच छापतात, आणि मला ते आवडतं.

या परक्यांत एक मात्र महाबिलंदर आहे. बेंझोथायोफीन. रचना नॅफ्थलीनसारखीच, फक्त एका बाजूला गंधक. उकळतो 221 अंशांना, नॅफ्थलीन 218 ला. ऊर्ध्वपातनानं दोघांना वेगळं करायला गेलात तर हात टेकाल. स्फटिकीकरण करावं, तर हा रांगेत घुसून बसतो. वेशांतर इतकं बेमालूम की स्फटिकच फसतो. त्यामुळे वितळवा, गोठवा, निथळा, पुन्हा वितळवा, असं परत परत करावं लागतं.

(दृश्य : टाकीच्या टोकावरची हवेची नळी. तोंडाशी पांढऱ्या सुया.)

80 हा मोठा गैरसोयीचा आकडा आहे. पंपानं ढकलायचं तर माल द्रव हवा, म्हणून टाकीपासून नळापर्यंत सगळीकडे वाफ फिरवावी लागते. एखाद्या वळणावर वाफ पोचली नाही की लाईन जाम. आणि नॅफ्थलीनचा प्रज्वलनांकही 80 च्या आगेमागेच आहे. म्हणजे हा पदार्थ पातळ झाला की ठिणगीला तयारच. वरून त्याला संप्लवनाची सवय. कपाटातली गोळी जशी न वितळता झिजत नाहीशी होते, तशीच टाकीतली वाफ वरच्या गार नळीत जाऊन सुयांसारखी गोठते आणि टाकीचा श्वास कोंडते. ती नळी खरवडणं हे कंटाळवाणं काम, पण ते टाळणाऱ्याला टाकी महागात पडते. मुंबईच्या रस्त्यांवर 1865 मध्ये कोळशाच्या गॅसचे दिवे लागले, त्या काळी जगभरच्या गॅस कंपन्या थंडीत याच पांढऱ्या सुयांनी वैतागलेल्या असत. नळ तुंबले की दिवे मालवले.

(दृश्य : निळीचं पिंप. मग तुटलेला थर्मामीटर.)

नॅफ्थलीनच्या गोष्टीत एक थर्मामीटर फार महत्त्वाचा ठरला, आणि तो मोडला म्हणून. जर्मनीत बीएएसएफ कंपनीत ऑयगेन झापर हा रसायनतज्ज्ञ नॅफ्थलीन आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल तापवत होता. थर्मामीटर फुटला, पारा आत सांडला, आणि रखडत चालणारी क्रिया सुसाट धावली. पारा उत्प्रेरक निघाला. नॅफ्थलीनपासून होणारं थॅलिक अनहायड्राइड हे रसायन स्वस्तात मिळू लागलं, त्यातून कृत्रिम नीळ, आणि 1897 मध्ये ती बाजारात आली. हिंदुस्थानातल्या निळीचा भाव कोसळला. बिहारच्या मळेवाल्यांनी ती खोट कुळांच्या खंडावर काढली. 1917 मध्ये गांधीजी चंपारणला गेले ते या कुळांसाठी.

आज त्याच नॅफ्थलीनपासून रंगांचा कच्चा माल होतो, आणि इमारतींच्या काँक्रीटमध्ये पाणी कमी घालता यावं म्हणून मिसळतात ते द्रावणही.

घरातल्या गोळीबद्दल एक सांगायचं राहिलं. पांढरी गोळी नॅफ्थलीनचीच असेल असं नाही. बऱ्याचदा ती पॅराडायक्लोरोबेंझीनची असते, तिचा द्रवणांक 53. झाकणाच्या छोट्या काचेच्या बाटलीत गोळीचा तुकडा टाका आणि बाटली 60 अंशांच्या पाण्यात धरा. तुकडा वितळला तर ती नॅफ्थलीन नव्हे. बाटली नंतर स्वयंपाकघरात परत आणू नका. आणि गोळ्यांत ठेवलेले कपडे तान्ह्या बाळाला तसेच घालू नका. जी-6-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नॅफ्थलीननं फुटतात. युरोपीय संघानं 2008 मध्ये नॅफ्थलीनच्या गोळ्या बंदच केल्या.

(दृश्य : पुन्हा प्रयोगशाळा. नळीत आता पांढरा ठोकळा, थर्मामीटर त्यात घट्ट.)

करारात किमान 78.5 लिहिलंय. केमिस्ट फोन उचलतो. "पास आहे, घ्या खाली. पण लाईनला आधी दहा मिनिटं स्टीम मारा हं, मागच्या वेळेसारखं नको."

थर्मामीटर ओढून निघत नाही. तो नळी गरम पाण्यात धरून बसतो.