एकच लायब्ररी, अनेक कंपायलर

पडद्यावर दिसणारे हे फंक्शन अगदी साधे आहे. ते दोन पूर्णांक घेते, त्यांची बेरीज परत करते, आणि त्याचे नाव आहे ‘सम’. सी प्लस प्लसमधला हाच मजकूर दोन वेगळ्या कंपायलरना, म्हणजे लिहिलेल्या कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमना दिला, तर जीसीसी हा कंपायलर लायब्ररीत, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचात, त्याची नोंद ‘अंडरस्कोर, झेड, तीन, सम, आय, आय’ अशी करतो; मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने केलेली नोंद मात्र प्रश्नचिन्हाने सुरू होते आणि झेडवर संपते. या भाषेत एकाच नावाची अनेक फंक्शने असू शकतात, म्हणून परॅमीटरचे, म्हणजे फंक्शन घेते त्या मूल्यांचे, प्रकारही नावात गुंफावे लागतात, पण ते कसे गुंफायचे हे भाषेच्या मानकाने ठरवून दिलेले नाही.

नावे जुळली नाहीत की लिंकर, म्हणजे कोडचे तुकडे नावांवरून एकमेकांना जोडणारा प्रोग्रॅम, तिथेच काम थांबवतो, आणि हा खरे तर त्याचा उपकारच आहे. घात होतो तो नावे जुळूनही मेमरीतली मांडणी जुळत नाही तेव्हा. ६४-बिट लिनक्सवर जीसीसीची जुनी स्ट्रिंग, म्हणजे मजकूर साठवणारा प्रकार, ८ बाइटची होती, म्हणजे केवळ एक पॉइंटर, मेमरीतला एक पत्ता. अनेक प्रतींनी एकच मजकूर वाटून घेण्याची तिची पद्धत सी प्लस प्लस ११ या भाषेच्या पुढच्या आवृत्तीच्या नियमांत बसेना, म्हणून २०१५ मध्ये आलेल्या जीसीसी ५ पासून ती ३२ बाइटची झाली. क्लँग या आणखी एका कंपायलरच्या प्रकल्पातील स्टँडर्ड लायब्ररीत तीच स्ट्रिंग २४ बाइटची आहे. जीसीसीने नव्या स्ट्रिंगच्या नावात वेगळी खूण घातल्यामुळे जुनी आणि नवी एकाच लायब्ररीत नांदू शकतात. मात्र स्ट्रिंग एखाद्या स्ट्रक्चरच्या, म्हणजे अनेक मूल्ये एकत्र बांधणाऱ्या प्रकाराच्या, पोटात असेल, तर फंक्शनच्या नोंदीत केवळ स्ट्रक्चरचे नाव जाते, लिंकरला काहीही वावगे दिसत नाही, आणि प्रोग्रॅम चालता चालता भलत्याच जागची मेमरी वाचू लागतो.

म्हणूनच अनेक कंपायलरसाठी लायब्ररी बांधणारे जाणकार आत सी प्लस प्लस मोकळेपणाने वापरतात, पण बाहेरच्या सीमेवर सी भाषेचीच साधी फंक्शने ठेवतात. वापरणाऱ्याच्या हाती केवळ एक पॉइंटर दिला जातो, त्यामागे काय दडले आहे हे त्याला कळण्याची गरज नसते. मेमरीचा नियम तर याहून कडक आहे: जिने ती घेतली, त्याच लायब्ररीने ती सोडायची, कारण विंडोजवर प्रत्येक डीएलएलचा, म्हणजे तिथल्या लायब्ररीच्या फाइलचा, रनटाइम (प्रोग्रॅम चालताना लागणारा आधारभूत कोड) आणि हीप (मेमरी मागून घेण्याचा साठा) वेगळा असू शकतो. एसक्यूलाइट ही डेटाबेस लायब्ररी काही चूक झाल्याचा संदेश परत करते, तेव्हा तो मोकळा करण्यासाठी तिचेच वेगळे फंक्शन वापरावे लागते ते याचसाठी.

मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये आणलेल्या कॉममध्ये, म्हणजे वेगवेगळे घटक एकमेकांशी जोडण्याच्या पद्धतीत, ही शिस्त फार विचारपूर्वक पाळलेली दिसते. तिथे ऑब्जेक्ट व्हर्च्युअल फंक्शनांच्या, म्हणजे प्रोग्रॅम चालताना पत्त्यांच्या तक्त्यावरून शोधल्या जाणाऱ्या फंक्शनांच्या, तक्त्यातून दिसतो, पण मूळ इंटरफेसमध्ये, म्हणजे बाहेरून बोलावता येणाऱ्या फंक्शनांच्या यादीत, डिस्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट नष्ट करणारे फंक्शन, नाही. जीसीसी आणि क्लँग लिनक्सवर पाळतात त्या नियमांनुसार व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर या तक्त्यात दोन जागा घेतो, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये एकच, आणि त्यामुळे पुढच्या प्रत्येक फंक्शनची जागा सरकते. म्हणून डिस्ट्रक्टरऐवजी वापरणारा ‘रिलीज’ हे फंक्शन बोलावतो, आणि शेवटचा संदर्भ सुटला की ऑब्जेक्ट आपल्याच कंपायलरच्या कोडमधून स्वतःला नष्ट करतो. एक्सेप्शनही, म्हणजे चूक झाल्यावर फेकली जाणारी सूचनाही, सीमा ओलांडत नाही. ती आतच पकडली जाते आणि बाहेर ३२-बिटांचा एक आकडा पाठवला जातो.