पाउ-ब्राझील आणि आयाळवाला स्लॉथ

नमस्कार श्रोतेहो. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्याचं जंगल आता तुकड्यातुकड्यांनी उरलंय. त्यातलं एक झाड आणि एक प्राणी यांच्याबद्दल आज बोलायचंय. दोघांचंही वर्गीकरण अलीकडे बदललं, आणि त्यांच्या संरक्षणाकडे नव्यानं पाहावं लागलं.

झाड म्हणजे पाउ-ब्राझील. देशाचं नाव पडलं ते याच्यावरून. खोडावर काटे, पिवळ्या फुलाच्या एका पाकळीवर लाल डाग, आणि आतला गाभा ताजा कापला की नारिंगी, मग हळूहळू गडद लाल होत जाणारा. पोर्तुगीजांनी कापड रंगवायला हे लाकूड जहाजं भरभरून नेलं. रंगाचा धंदा बसला तोवर व्हायोलिनचे गज घडवणाऱ्यांनी ते हेरलं होतं, आणि कुऱ्हाड थांबलीच नाही. लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानं १७८५ मध्ये त्याला सिसाल्पिनिया प्रजातीत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट), म्हणजे आपल्या शंकासुराच्या नुसत्या कुळात नव्हे तर थेट त्याच्या घरात बसवलं होतं. २०१६ मध्ये जनुकांच्या अभ्यासानंतर त्याला वेगळं काढून पाउब्राझिलिया ही स्वतंत्र प्रजाती केली. तिच्यात ते एकटंच आहे. ते संपलं, तर प्रजातीच संपली.

आयाळवाल्या स्लॉथचं उलट झालं. स्लॉथ म्हणजे झाडावर लटकून अगदी सावकाश फिरणारा प्राणी. त्याचं नातं मुंगीखाऊशी, माकडाशी काही संबंध नाही. मानेवर लांब काळ्या केसांची आयाळ. ही एकच जाती समजली जायची. २०२२ मध्ये कवट्या आणि जनुकं तपासून संशोधकांनी दोन जाती मांडल्या: उत्तरेला बाहिया-सर्जिपे या राज्यांतली, दक्षिणेला रिओ आणि एस्पिरितो सांतो या राज्यांतली. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला जंगल आणखी कमी आलं. रिओकडे वाचवलेला स्लॉथ बाहियात नेऊन सोडणंही आता चूक ठरतं.

पाउ-ब्राझीलचा व्यापार २००७ पासून साइट्स या, धोक्यातल्या वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे. रोपं लावताही येतात. स्लॉथला मात्र पिंजऱ्यात जगवणं फार अवघड. त्याला फांदीला फांदी लागलेलं रानच हवं. म्हणून मला दक्षिण बाहियातली काब्रुका पद्धत मोलाची वाटते. तिथे जुन्या रानाची उंच झाडं राखून त्यांच्या सावलीत कोको पिकवतात. स्लॉथ त्या बागांमध्ये राहतात, पाउ-ब्राझीलही काही ठिकाणी टिकून आहे. अशा सावलीतल्या कोकोला शेतकऱ्याला चांगला भाव मिळायला हवा, नाहीतर ती झाडं तोडून उघड्यावर लागवड करायचा मोह त्याला होणारच.