सहा सामने कमी

नमस्कार, श्रोतेहो.

नव्व्याण्णववर बाद होणं म्हणजे काय, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही समजावून सांगावं लागत नाही. एक धाव हुकली म्हणून अख्खं घर चहा गार होईपर्यंत गप्प बसलेलं आपण पाहिलंय. आज मी तुम्हाला ९९४वर अडकलेल्या एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. धावा नव्हेत, सामने. आणि तो बादही झाला नव्हता. त्याला खाली पाठवलं होतं.

खेळ हॉकी. आता हॉकी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे खडकीचा धनराज पिल्ले केस उडवत धावू लागला असेल, तर त्याला जरा थांबवा. ही बर्फावरची हॉकी. कॅनडात नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की बर्फावरचीच समजतात. आपली हॉकी ही त्यांच्या लेखी ‘मैदानी हॉकी’. पायांत स्केट्स, चेंडूऐवजी रबराची कडक चकती, तिला पक म्हणतात, आणि अंगावर चिलखतासारखा जामानिमा. या खेळाची जगातली सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे नॅशनल हॉकी लीग. ‘एनएचएल’ म्हणूया, म्हणजे माझी जीभही वाचेल.

आपला माणूस वेड रेडन. जन्म १९७७चा, गाव लॉइडमिन्स्टर. आल्बर्टा आणि सॅस्कॅचेवान या दोन प्रांतांची सीमा या गावाच्या अगदी मधून जाते. सीमेवरचं गाव म्हटलं की आपले कान लगेच टवकारतात. पण तिथे दोन्ही बाजूंचा कारभार एकच नगरपालिका पाहते, १९३०पासून. असो.

दरवर्षी तिथे संघ होतकरू मुलांची निवड करतात. १९९५ साली रेडनचा नंबर दुसरा लागला. अठरा वर्षांचा मुलगा, कॅनडा-अमेरिकेतल्याच नव्हे तर युरोपातल्याही पोरांमध्ये दुसरा! निवडलं न्यूयॉर्कच्या आयलंडर्स संघानं, पण त्यांच्याकडून तो एकही सामना खेळला नाही. काही महिन्यांतच अदलाबदलीत तो ओटावा सेनेटर्सकडे गेला आणि १९९६ ते २००८ तिथेच राहिला. ८३८ सामने खेळला.

तो होता बचावपटू. पण आडवा-तिडवा धक्काबुक्की करणारा नव्हे. मागे पक हाती आला की घाई नाही. मान वर, एक नजर, आणि अचूक पहिला पास. ज्यांना असे खेळाडू आवडतात त्यांना फार आवडतात, आणि बाकीच्यांना ते काय करतात तेच दिसत नाही. २००५-०६च्या हंगामात त्यानं ६५ सामन्यांत ५० गुण मिळवले. गोल आणि गोलासाठीचा पास, दोन्हींचा गुण एकेक असतो. बचावपटूसाठी ५० म्हणजे पुष्कळच. त्याच हिवाळ्यात तो ट्यूरिनच्या ऑलिंपिकमध्ये कॅनडाकडून खेळला. २००७मध्ये ओटावा स्टॅन्ली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीपर्यंत गेलं आणि अनाहाइमकडून हरलं.

मग आला १ जुलै २००८. त्या दिवशी करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार उघडतो. न्यूयॉर्क रेंजर्सनी रेडनपुढे कागद ठेवला: सहा वर्षं, ३ कोटी ९० लाख डॉलर. त्या वेळच्या दरानं दीडशे कोटी रुपयांच्या वर. तो तेव्हा एकतीस वर्षांचा होता. सही केली. तुम्ही-मी काय केलं असतं?

पण पहिल्याच हंगामात दिसायला लागलं की गाडी जरा मागे पडतेय. लीगनं नियम बदलल्यापासून खेळ वेगवान झाला होता, अडवाअडवीला मोकळीक राहिली नव्हती, आणि नव्या दमाची पोरं त्याच्या बाजूनं सुसाट निघून जात होती. ५० गुण करणारा माणूस ८१ सामन्यांत २६वर आला, पुढच्या वर्षी ७५ सामन्यांत १४वर. रेंजर्सच्या घरच्या मैदानात, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, त्याच्या हाती पक आला की आपलेच प्रेक्षक हुर्यो उडवू लागले. त्याच्या खेळापेक्षा त्याचा पगार त्यांना जास्त दिसत होता, असं माझं मत. तोच माणूस निम्म्या पैशांत असता तर ‘वय झालंय बिचाऱ्याचं, पण डोकं शाबूत आहे’ असं म्हणत टाळ्या वाजवल्या असत्या.

आता थोडा हिशेब. तो समजल्याशिवाय पुढची गंमत, गंमत कसली, क्रूर थट्टाच, कळायची नाही.

२००५पासून एनएचएलमध्ये पगाराला कमाल मर्यादा आहे. सगळ्या खेळाडूंचे पगार मिळून एका आकड्याच्या वर जाता कामा नयेत, मालक कितीही गडगंज असो. २०१०-११मध्ये तो आकडा होता ५ कोटी ९४ लाख डॉलर. त्यातले ६५ लाख एकट्या रेडनच्या नावावर. वीस-बावीस जणांच्या पंगतीत एकाच्याच पानात नववा हिस्सा. पण या नियमाला तेव्हा एक मोठं भोक होतं. खेळाडूला खालच्या लीगमध्ये, म्हणजे अमेरिकन हॉकी लीगमध्ये पाठवलं, तर त्याचा पगार मर्यादेत धरत नसत. पैसे द्यावे लागत, पै न् पै. पण वहीतून नाव पुसलं जाई. म्हणजे मालक श्रीमंत असेल तर ६५ लाख डॉलर देऊन एक माणूस अदृश्य करता येत होता.

रेंजर्स श्रीमंत होते. मार्क स्टाल नावाच्या तरुण बचावपटूबरोबर त्यांनी नुकताच नवा करार केला होता. जागा हवी होती.

२०१०च्या सप्टेंबरात, हंगाम सुरू व्हायच्या आधी, रेडनचं नाव ‘वेव्हर्स’वर टाकलं गेलं. म्हणजे काय, तर दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा, चोवीस तास, बाकीच्या २९ संघांना विचारायचं: हवाय का कुणाला? घेणाऱ्यानं करारही तसाच उचलायचा. या चोवीस तासांत खेळाडूनं करायचं काही नसतं. फोन जवळ ठेवून बसायचं. रेडनसाठी एकोणतीसांपैकी एकाचाही फोन आला नाही.

तेव्हा त्याचे एकूण सामने झाले होते ९९४. हजार सामने खेळणाऱ्याला तिथे चांदीची स्टिक देतात, बायकापोरांना बर्फावर बोलावून कौतुक करतात. सहा सामने. दोन आठवड्यांचं काम.

आपल्याकडे सरकारी कचेरीत जुनी धमकी आहे, ‘गडचिरोलीला पाठवीन’. गडचिरोलीच्या श्रोत्यांनी मला माफ करावं. या धमकीत गडचिरोलीचा काय गुन्हा, हे मला कधीच कळलेलं नाही. रेडनचं गडचिरोली होतं हार्टफर्ड, रेंजर्सच्या खालच्या संघाचं गाव. न्यूयॉर्कहून मुंबई-पुण्यापेक्षा थोडं जास्त अंतर, पण हॉकीच्या जगात दुसरं गाव. आणि या गावाचंही स्वतःचं दुःख होतं बरं का. १९९७पर्यंत हार्टफर्डचा स्वतःचा एनएचएल संघ होता, व्हेलर्स. तो उठून नॉर्थ कॅरोलायनाला गेला. ज्या गॉर्डी हाव यांना हॉकीचे पितामह म्हणायला हरकत नाही, त्यांनी वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत खेळून आपला शेवटचा हंगाम याच हार्टफर्डच्या संघाकडून पूर्ण केला होता. त्या संघाची आठवण म्हणून खालच्या लीगमधल्या संघानं २०१०च्या नोव्हेंबरात नाव बदलून घेतलं, कनेटिकट व्हेल. म्हणजे गाव पहिल्या लीगमधून खाली आलेलं आणि त्याच्या संघात खेळाडूही वरून खाली आलेला. जोडी जमली म्हणायची.

खालच्या लीगचं आयुष्य वेगळं. वर खास विमानं, इथे बस. शुक्रवारी, शनिवारी, रविवारी, सलग तीन दिवस तीन सामने, कधी तीन वेगवेगळ्या गावांत. रात्री सामना संपला की ओले स्केट्स पिशवीत कोंबायचे आणि बसमध्ये चढायचं. एसटीनं रात्रीचा प्रवास केलेल्या माणसाला मी आणखी काय सांगू? फरक एवढाच की आजूबाजूला सगळी विशी-बाविशीची मुलं. प्रत्येकाच्या डोळ्यांत एकच स्वप्न, वरून फोन येईल. त्यातल्या बहुतेकांच्या कैक वर्षांच्या कमाईपेक्षा जास्त पगार घेणारा, पस्तिशीकडे झुकलेला हा माणूस शेजारच्या सीटवर बसलेला. आणि अख्ख्या बसमध्ये त्याला एकट्यालाच माहीत होतं की आपल्याला फोन येणार नाही.

का येणार नाही? कारण त्या भोकाच्या शेजारी एक सापळाही होता. त्याच्यासारख्या मोठ्या पगाराच्या खेळाडूला पुन्हा वर बोलवायचं तर पुन्हा त्याचं नाव बाजारात टाकावं लागे, आणि या वेळी दुसरा संघ त्याला अर्ध्या पगारात उचलू शकत असे. उरलेला अर्धा पगार जुन्या संघाच्या माथी, मर्यादेत धरून! असा धोका कोण पत्करणार? तेव्हा रेडननं रोज तीन-तीन गोल केले असते, तरी दार उघडणार नव्हतं.

आपल्याकडेही मोठे खेळाडू खाली येतात. २०२५च्या जानेवारीत रोहित शर्मा मुंबईकडून रणजीला उतरला, तेव्हा बीकेसीच्या मैदानाबाहेर रांगा लागल्या. पण आपल्याकडे रणजी खेळणं म्हणजे परत वर जायचा जिना. रेडनला ज्या मजल्यावर सोडलं होतं तिथून वरचा जिनाच काढून टाकला होता.

तो ओरडला नाही, ‘माझा अपमान झाला’ म्हणाला नाही. काहीजण म्हणतील, ६५ लाख डॉलर मिळत असतील तर मीही मौनव्रत घेईन. बरोबर आहे. पण त्याच पानगळीत एडमंटनचा शेल्डन सूरे असाच खाली गेला, वर्षाला सरासरी ५४ लाख डॉलरचा करार घेऊन. त्यानं संघाच्या व्यवस्थापनावर जाहीर टीका केली होती. एडमंटननं त्याला स्वतःच्या खालच्या संघातही ठेवलं नाही. वॉशिंग्टनच्या खालच्या संघाकडे उसना दिला, हर्शीला. चॉकलेटवाल्या हर्शीला. तेव्हा पैसा तोंड बंद ठेवतोच असं नाही. मला सूरेही समजतो आणि रेडनही. पण विचाराल तर मन रेडनपाशी जास्त वेळ रेंगाळतं. पहिल्या हंगामात तो हार्टफर्डला ७० सामने खेळला. पाट्या टाकायला काय हरकत होती? दुखापतीचं निमित्त सांगून घरी बसता आलं असतं. सत्तर सामने, त्या बसमधून.

आणखी एक नाव घेतो, कारण खाली जाणं म्हणजे नेहमी शिक्षाच असते असं नाही. ख्रिस चेलिऑस. तीनदा स्टॅन्ली कप जिंकलेला माणूस. २००९-१०मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षात, तो शिकागो वुल्व्ह्जकडून खालच्या लीगमध्ये खेळत होता, आपणहून! आणि फोन आला. अटलांटाकडून तो एनएचएलचे सात सामने खेळला. तीच लीग, तीच बस. एकाला हवी होती, एकाला बसवलं होतं.

रेडनची दोन वर्षं अशी गेली. २०१२मध्ये मालक आणि खेळाडूंच्या संघटनेत करारावरून जुंपली, टाळेबंदी झाली, निम्म्याला थोडा कमी हंगाम बुडाला. २०१३च्या जानेवारीत तडजोड झाली तेव्हा नव्या नियमांत ते भोक बुजवलेलं होतं: मोठ्या पगाराच्या खेळाडूला खाली टाकलं तरी त्याच्या पगाराचा मोठा भाग मर्यादेत धरायचा. लोक त्याला ‘वेड रेडन नियम’ म्हणू लागले. नियमाला आपलं नाव लागावं, ते असं.

आणि एवढं होऊनही एक फेरा बाकी होता. संघांना नकोसे करार पैसे देऊन मोडायची मुभा मिळाली होती, पण ती उन्हाळ्यात. जखमी खेळाडूचा करार मोडता येत नाही. म्हणून रेंजर्सनी रेडनला सांगितलं, सरावालाही येऊ नकोस, घरी बस, पगार मिळेल. आधी वर नको होता, आता खालीही नको. माँट्रियलच्या स्कॉट गोमेझचीही तीच गत. मात्र या वेळी संघटना मधे पडली, लीग नमली, आणि दोघांना ताबडतोब मोकळं केलं गेलं.

काही दिवसांतच रेडन सेंट लुइसकडे गेला. ९९५, ९९६, ९९७... आणि हजारावा. मग बॉस्टनला. मे महिन्यात बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात टोरंटोविरुद्ध बॉस्टन ०–१ पिछाडीवर असताना बरोबरीचा गोल कुणी केला? रेडननं. छत्तिशीला आलेल्या, रद्दीत घातलेल्या माणसानं.

कहाणी इथे थांबवली असती तर साठा उत्तराची सुफळ संपूर्ण झाली असती. पण पुढची फेरी आली आणि बॉस्टनचे तीन बचावपटू जायबंदी झाले, त्यांत रेडनही होता. जागा भरायला बॉस्टननं आपल्या खालच्या संघातून, प्रॉव्हिडन्सहून, बावीस वर्षांच्या एका पोराला वर बोलावलं. टोरी क्रग. पाच सामन्यांत त्यानं चार गोल ठोकले, आणि समोरचा संघ होता न्यूयॉर्क रेंजर्स. रेंजर्स ४–१नं घरी गेले.

रेडन त्यानंतर एनएचएलचा सामना खेळला नाही. एकूण १०२३.

नमस्कार.