उस्तवार करणारा सचिव

(दृश्य: डिसेंबरमधली सकाळ. पुणे-बेंगळूर महामार्ग, हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध. बसच्या खिडकीतून स्वागताचे फलक मागे सरकताहेत.)

डिसेंबर आला की बेळगावात थंडी येते आणि तिच्या पाठोपाठ सरकार येतं. 2012 साली कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या इमारतीचं, सुवर्ण विधानसौधाचं उद्घाटन झालं, आणि हिवाळी अधिवेशन म्हटलं की बंदोबस्त, मोर्चे आणि असे फलक हे ठरूनच गेलं. फलकावर कन्नडमध्ये लिहिलंय, ‘जिल्हा उस्तुवारी सचिवरु’. आता कोल्हापूरकडून पहिल्यांदाच आलेला पाहुणा हे वाचतो आणि विचारतो, ‘सचिवासाठी एवढे हार?’

त्याची चूक नाही. मराठीत सचिव म्हणजे मंत्रालयातला अधिकारी, फायलीवर शेरा मारणारा. कन्नडमध्ये सचिव म्हणजे खुद्द मंत्री. आणि आपल्या सचिवाला तिथं म्हणतात कार्यदर्शी. निपाणीच्या अलीकडे-पलीकडे एकच संस्कृत शब्द खुर्ची बदलतो. कोण बरोबर, या वादात शिरू नये. सीमाभागात वादांना तोटा नाही. शिवाय 1674 च्या राज्याभिषेकानंतरच्या अष्टप्रधानांत मंत्री हे एक पद होतं आणि सचिव हे दुसरं. मंत्री म्हणजे पूर्वीचे वाकनीस, सचिव म्हणजे सुरनीस. दोघेही प्रधानच.

(दृश्य: कॅम्पातला रस्ता, जुनी झाडं, चर्चचा मनोरा.)

गोंधळाचं मूळ मात्र इंग्रजीत आहे, ‘मिनिस्टर’ या शब्दात. राज्याचा मंत्री मिनिस्टर. परदेशी वकिलातीत राजदूताच्या खालच्या पायरीवरचा मुत्सद्दीही मिनिस्टर. आणि रविवारी सकाळी प्रार्थना चालवणारा धर्मोपदेशक, तोही मिनिस्टर. अमेरिकेत तर मंत्र्यांना सेक्रेटरी म्हणतात, म्हणजे ते आपल्या कन्नड शेजाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसलेत.

बेळगावला हा धर्मोपदेशक मिनिस्टर आधी भेटला. लंडन मिशनरी सोसायटीचं काम इथं 1820 साली सुरू झालं. मंत्री नावाचे लोकप्रतिनिधी मुंबई प्रांतात यायला त्यानंतर शंभर वर्षं लागली. 1919 चा कायदा झाला तेव्हा कुठे. प्रॉटेस्टंट पंथांपैकी अनेकांना ‘प्रीस्ट’ हा शब्द नको होता. त्यात यज्ञबळीचा, देव आणि माणूस यांच्यामधल्या मध्यस्थाचा वास येतो म्हणून. त्यांनी मिनिस्टर पसंत केला. आपल्याकडे त्या शब्दाला कुणी घरात घेतलं नाही. कॅथलिकांचे ते फादर, प्रॉटेस्टंटांचे ते रेव्हरंड किंवा पाळक, कन्नडमध्ये सभापालक. पाद्री हा शब्द तर पोर्तुगीजांनी कधीच देऊन ठेवला होता.

(दृश्य: शाळेचं आवार, मधली सुट्टी, मुलांचा गलका.)

कॅम्पातलं सेंट पॉल्स हायस्कूल 1856 सालचं, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचं. जेझुइटांच्या मठात एक ‘फादर मिनिस्टर’ असतात. त्यांच्याकडे खातं कुठलं? स्वयंपाकघर, बाजारहाट, गळकं छप्पर, आजारी फादरांची औषधं. मला विचाराल तर जगातल्या सगळ्या मिनिस्टरांत शब्दाला जागणारे हेच.

कारण लॅटिनमध्ये मिनिस्टर म्हणजे नोकर, वाढपी, हाताखालचा माणूस. ‘मिनुस’ म्हणजे कमी, त्यावरून तो आला. त्याचा जोडीदार ‘मॅजिस्टर’, ‘मॅजिस’ म्हणजे अधिक, त्यावरून. मॅजिस्टरचा इंग्रजीत मास्टर झाला आणि आपल्याकडे मास्तर. म्हणजे व्युत्पत्ती धरून चाललं तर खानापूरच्या एखाद्या शाळेत मिनिस्टर आले की त्यांनी मास्तरांना नमस्कार करायला हवा. प्रत्यक्षात मास्तर उन्हात पोरांची रांग लावून उभे असतात, गाडी दोन तास उशिरा.

1611 च्या इंग्रजी बायबलात येशू शिष्यांना सांगतो की, तुमच्यात ज्याला मोठं व्हायचंय त्यानं तुमचा मिनिस्टर व्हावं. मराठी बायबलात त्या जागी ‘सेवक’ आहे. तिथं कुणाला ‘मंत्री’ सुचलं नाही, हे बरंच झालं. राजाचा तो नोकर म्हणून राजाच्या कारभाऱ्याला मिनिस्टर म्हणू लागले, देवाचा नोकर म्हणून धर्मोपदेशकाला. धनी वेगळे, चाकरी तीच.

आपला ‘मंत्री’ वेगळ्या घरातला. मंत्र म्हणजे मसलत, गुप्त सल्ला. तो देणारा मंत्री. त्याच्यात सेवा मुळातच नाही. पण फिरलाय मात्र खूप. हा शब्द मलायात गेला, तिथून पोर्तुगीजांनी उचलला आणि इंग्रजीत तो झाला ‘मँडरिन’. आधी चिनी सरकारी अधिकारी, मग कुठलाही जुना, मुरलेला बडा बाबू. आपला मंत्री साहेबाच्या देशात जाऊन सचिव झाला म्हणायचा!

(दृश्य: पुन्हा तो फलक. संध्याकाळ. कॅमेरा हळूहळू एका शब्दावर थांबतो.)

आता फलकावरचा राहिलेला शब्द. ‘उस्तुवारी’ म्हणजे कन्नडमध्ये देखरेख, जबाबदारी. जिल्हा उस्तुवारी सचिव म्हणजे आपले पालकमंत्री; बेळगावची मराठी वृत्तपत्रं तसंच छापतात. पालकमंत्री आणि चर्चचे पाळक यांच्यात एका अक्षराचं अंतर, ते जाऊ दे.

पण शहापुरातल्या एखाद्या आजीला हा फलक वाचून दाखवा. तिच्या मराठीत उस्तवार म्हणजे बाळंतिणीला शेक-शेगडी, म्हाताऱ्याचं अंथरूण-पांघरूण, आजाऱ्याला वेळेवर पेज. इंग्रजीत ‘मिनिस्टर’ क्रियापद म्हणून वापरतात ते नेमकं याच अर्थानं. लॅटिन न शिकलेली आजी फलकाकडे बघते आणि विचारते,

‘उस्तवार करतोय व्हय? कुणाची रे?’

(दृश्य: फलकावरचे दिवे लागतात.)