सोसायटीच्या नोटीस बोर्डावर ताळेबंदाचा क्यूआर कोड

सप्टेंबर आला. ३० तारखेच्या आत सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा उरकायची, म्हणजे सेक्रेटरींच्या मागे झेरॉक्सचा ससेमिरा. ८० फ्लॅट, १२ पानांचा अहवाल, करा गुणाकार! रीतसर नोटीस द्यायची ती द्यावीच लागते. पण लिफ्टशेजारी एक क्यूआर कोड लावला, तर ज्याला ताळेबंद बघायचाय तो फोनवर बघेल.

एक लक्षात घ्या, त्या चौकोनात तुमची पीडीएफ नसते. सगळ्यात मोठ्या क्यूआर कोडातही जेमतेम २,९५३ बाइट मावतात, म्हणजे तीन केबीसुद्धा नाही. आत असते फक्त लिंक. त्यामुळे खरं काम आहे ते लिंकचं.

[स्क्रीनवर: ड्राइव्हचं शेअर बटण]

पीडीएफ गूगल ड्राइव्हवर टाका, 'शेअर' दाबा. खाली 'जनरल ॲक्सेस'मध्ये 'रिस्ट्रिक्टेड' असेल, तर तिथे 'एनीवन विथ द लिंक' निवडा आणि शेजारी 'व्ह्यूअर'. हे राहिलं की दुसऱ्या दिवशी जिन्यात कोणीतरी गाठणारच, "अहो, ते परवानगी मागतंय!" तुमच्या फोनवर मात्र मस्त उघडतं, कारण तुम्ही तुमच्याच खात्यात लॉगिन आहात. म्हणून तपासायचं ते इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या त्या खासगी खिडकीत जिथे तुम्ही लॉगिन नसता, नाहीतर सरळ शेजारच्या काकूंच्या फोनवर. आणि 'एनीवन' म्हणजे अक्षरशः कोणीही, अगदी कुरिअरवालासुद्धा. तेव्हा थकबाकीदारांची नावं, मोबाइल नंबर या फाइलीत नकोत.

आता कोड. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये ती लिंक उघडा. वर उजवीकडे तीन ठिपके, 'कास्ट, सेव्ह अँड शेअर', मग 'क्रिएट क्यूआर कोड', डाउनलोड. झालं.

[स्क्रीनवर: कोड, मधला डायनासोर मोठा करून]

मधोमध हा डायनासोर बसलाय बघा. त्याच्याखालचे चौकोन झाकले गेले, तरी कोड चालतो. १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कोड केला तो गाड्यांच्या सुट्या भागांसाठी. कारखाना म्हटला की तेलकट हात आणि डाग आलेच, म्हणून खराब झालेला भाग उरलेल्यावरून भरून काढायची सोय आतच आहे. सगळ्यात भक्कम प्रकारात साधारण ३० टक्क्यांपर्यंत.

फुकट कोड देणाऱ्या वेबसाइट्सबद्दल मी जरा साशंक असतो. त्यातल्या काही तुमच्या लिंकऐवजी स्वतःची लिंक कोडात घालतात. फुकटची मुदत संपली की कोड मेला. क्रोमच्या कोडात थेट तुमचीच लिंक असते.

छापताना काळ्यावर पांढरा नको, पांढऱ्यावर काळा हवा. भोवती पांढरी जागा सोडा, किमान चार बारीक चौकोनांइतकी. कागद वाचवायला कडेला कात्री लावली की स्कॅनर गोंधळतो. आणि खाली मराठीत ठळक लिहा, 'फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा, पैसे भरण्यासाठी नाही.' क्यूआर दिसला की आपल्याकडे हात आधी पेमेंटच्या ॲपकडे जातो, आणि तिथे हे उघडणार नाही.

ऑडिटरने ऐनवेळी आकडा बदलला तर? नवी फाइल वेगळी चढवू नका, तिची लिंक वेगळी होईल. जुन्या पीडीएफवर राइट क्लिक, 'फाइल इन्फर्मेशन', 'मॅनेज व्हर्जन्स', 'अपलोड न्यू व्हर्जन'. लिंक तीच, भिंतीवरचा कागदही तोच. सभा झाली की शेअरिंग परत 'रिस्ट्रिक्टेड' करून टाका.